दुसऱ्याची सही

सकाळी आठ वाजता ड्रायव्हर आधी स्टिअरिंगला फडकं गुंडाळायचा. शेडचं तोंड पूर्वेला, त्यामुळे ऊन थेट काचेतून आत यायचं आणि आठलाच स्टिअरिंग तव्यासारखं तापलेलं असायचं. मग तो पाणी बघायचा, ऑइल बघायचा, चारही टायर पायानं दाबून बघायचा, ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या काट्यावर टिचकी मारायचा, आणि सगळ्यात शेवटी हजेरीचा तक्ता पुढे ओढून दोन सह्या करायचा. एक उजव्या हातानं, स्वतःची. एक डाव्या हातानं, दुसऱ्याची.

तक्त्यावर रकानेच दोन होते. वर 'पहिला', म्हणजे गाडी चालवणारा. खाली 'दुसरा', म्हणजे मागे पेशंटजवळ बसणारा. दोन्ही भरलेले नसतील तर गाडीनं शेडबाहेर चाक काढायचं नाही, असा नियम. नियम चांगलाच आहे. रस्त्यात माणूस गुदमरायला लागला तर चालवणाऱ्यानं काय आरशात बघून त्याला श्वास द्यायचा? फक्त नियम करणाऱ्यांनी दुसरा माणूस दिला नव्हता, एवढंच.

आधी होता. म्हणजे होती. सिस्टर सहा वर्षं त्याच्या मागे बसली. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट, हातानं मऊ. त्रेसष्ट वस्त्यांना ही एक रुग्णवाहिका, आणि मोठं हॉस्पिटल अठ्ठावन्न किलोमीटरवर. गाडीत मागे तिच्यासाठी स्प्रिंगची खुर्ची होती. माणूस उठला की खटकन वर मिटायची. पुढच्या आणि मागच्या भागामध्ये पत्रा, पत्र्यात चौकोनी काच. एकदा तापात बरळणाऱ्या पेशंटनं लाथ मारून ती काच फोडली. नवी काच मागितली तर दीड वर्ष पत्रव्यवहार झाला, काच आली नाही. शेवटी ड्रायव्हरनंच प्लायवूड ठोकलं. तेव्हापासून दोघांनी ठोक्यांची भाषा बसवली. त्यानं पुढून दोन ठोके मारायचे, म्हणजे ठीक आहे ना? तिनं मागून एक, म्हणजे ठीक आहे, चालू दे. भराभर ठोके आले तर गाडी बाजूला.

सात महिने पगार थकल्यावर सिस्टर गेली. शहरात एका खाजगी दवाखान्यात लागली. जाताना म्हणाली, "दादा, तुम्हाला सोडून जाते असं मनात आणू नका. त्यांना सोडून जाते."

तिची जागा भरा म्हणून त्यानं विभागाच्या साहेबांना फोन केला, तेव्हा साहेब हसले.

"भरती बंद आहे. रकाना रिकामा दिसला तर गाडी उचलून दुसरीकडे नेतील. तेवढं सांभाळा."

"सांभाळा म्हणजे काय करू?"

"आता हेही मीच सांगू का? टाका कुणाचं तरी नाव. सही वेगळी दिसली म्हणजे झालं."

गाडी गेली तर त्रेसष्ट वस्त्यांनी आजारी माणूस काय पाठीवर घालून न्यायचा? त्यानं नाव लिहिलं. जे पहिलं सुचलं ते. ओळखीतल्या कुणाचं नव्हतं. सही वेगळी दिसावी म्हणून डाव्या हातानं केली. लहान पोरानं काढल्यासारखी, ओळ सोडून खाली घसरत गेलेली. त्या नावाचा पगार गाडी चालवायला घेतलेली ठेकेदार कंपनी निमूट उचलायला लागली, यावरून काय ते समजा.

निम्म्या खेपांना पेशंटबरोबर नातेवाईक असायचा. तो मागे बसायचा आणि काम भागायचं. उरलेल्या निम्म्या खेपांना कोणीच नसायचं. वस्त्यांमधली हातीपायी धड माणसं कामाला लांब गेलेली. घरात राहिलेली म्हातारीकोतारी. अशा पेशंटला तो पट्ट्यांनी नीट बांधायचा, डोक्यामागचं प्लायवूड दाखवायचा आणि सांगायचा, "मी दोन ठोके मारीन. तुम्ही एक द्यायचा. झोपायचं नाही. ठोका चुकला तर मी गाडी थांबवून मागे येणार."

ठोके यायचे. तो हायसं वाटून गाडी पळवायचा.

पहिल्यांदा बोलली ती एक म्हातारी. ओट्यावरून पडून खुब्याचं हाड मोडलेलं, घरात दुसरं कोणी नाही. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर उतरवताना म्हणाली, "तुझा तो मागचा माणूस चांगला आहे हो. सारखा जवळ बसून होता. नुसता हात गार आहे मेल्याचा."

"कोण माणूस, आजी?"

"तूच बसवलास आणि मलाच विचारतोस?" म्हातारी दुखण्यातही हसली. "दुसरा हात मात्र दाखवत नाही. लाजतो की काय."

दुखण्यानं माणसाला काहीही दिसतं. ड्रायव्हरनं चौदा वर्षांत पेशंटना मेलेले नवरे, हरवलेली गुरं, छतावर चालणारी माणसं दिसल्याचं ऐकलं होतं. त्यानं मनावर घेतलं नाही.

दोन महिन्यांनी दगडाच्या खाणीवरचा एक मजूर नेला. उजवा हात कोपरापर्यंत चिरडलेला. ड्रायव्हरनं घाईघाईत फडकं गुंडाळून दिलं होतं. हॉस्पिटलमध्ये ड्रेसिंगवाल्यानं ते सोडलं तर खाली गाडीतल्या पेटीतली पट्टी, कोपराच्या वर ताणून बांधलेली.

"गाठ छान घातलीय," ड्रेसिंगवाला म्हणाला. "पण एका हातानं. हे टोक दातात धरून ओढलंय, बघा."

टोकावर दातांच्या बारीक खुणा होत्या.

"यानंच बांधली असेल," ड्रायव्हर म्हणाला.

"हा खाणीपासून शुद्धीवर नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय."

त्या दिवशी परतताना त्यानं रस्त्याकडेला गाडी उभी केली आणि मागचं दार उघडलं. स्ट्रेचर रिकामं. पेटी बंद. खुर्ची मिटलेली नव्हती. खाली उघडलेली होती. स्प्रिंग गेली असेल म्हणून त्यानं ती हातानं ढकलली. खटकन वर गेली. पुन्हा खाली ओढून सोडली. पुन्हा खटकन वर. स्प्रिंग उत्तम होती.

त्यानं दार लावलं आणि शेडपर्यंत रेडिओ मोठ्यानं लावून आला.

मग मास्तरांची खेप झाली. निवृत्त माणूस, छातीत कळ आलेली, एकटे राहणारे. चढताना चेष्टा करत होते. "ठोका चुकला तर छडी मारणार का रे?" ड्रायव्हर हसला. वाटेत अकरा वेळा त्यानं दोन-दोन ठोके मारले, अकरा वेळा एक-एक ठोका आला. सिमेंटच्या पुलावर शेवटचा. तिथून हॉस्पिटल चार किलोमीटर.

डॉक्टरांनी मास्तरांच्या पापण्या वर करून बघितल्या. "यांना जाऊन तास झाला."

"अहो, आत्ता पुलावर ठोका दिला त्यांनी."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. मग म्हणाले, "घरी जा. झोप घ्या जरा."

ड्रायव्हर हॉस्पिटलच्या पायरीवर बसला. एक तरी ठोका चुकला असता तर तो थांबला असता. मागे गेला असता. सिस्टरनं शिकवलं होतं तशी छाती दाबली असती, मास्तर वाचले असते किंवा नसते, पण कुणीतरी हात लावला असता. इतके महिने तो समजत होता, ठोका म्हणजे पेशंट आहे. ठोक्याचा अर्थ तेवढा नव्हता. ठोक्याचा अर्थ एवढाच होता, की मागे कोणीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी त्यानं खालचा रकाना कोरा सोडला. दहा मिनिटांत कंट्रोलच्या, म्हणजे कॉल घेऊन गाड्या पाठवणाऱ्या मुलीचा फोन. "दादा, तुमची गाडी बंद दाखवतेय. इकडे कॉल आलाय, तीन वर्षांचं पोर रॉकेल प्यायलंय. पाठवू का नको?"

त्यानं पेन डाव्या हातात घेतलं.

त्या पोराची आई मागे बसली होती. नातेवाईक असला की खुर्चीवर नातेवाईकच असायचा. पोर वाचलं. मग पुन्हा रकाना कोरा कसा सोडणार? हे सगळं असं असतं. माणसाला नाही म्हणायला जागाच ठेवत नाहीत.

ड्रायव्हरच्या घरी एक लेकच होती. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. लेकीचा नवरा समुद्रावर, जहाजाच्या इंजिनावर; वर्षातून दोनदा यायचा. लेकीला नववा लागला तसा ड्रायव्हरनं हिशोब मांडला. तिला कळा लागल्या तर कॉल कुणाला येणार? त्यालाच. गाडी कोण चालवणार? तोच. मग मागे कोण?

त्यानं अर्ज केला. माणूस द्या. कायमचा नको, दोन महिन्यांपुरता द्या. अर्जाचं उत्तर आलं नाही, साहेब आले. तपासणी होती. त्यांनी शेडमध्ये खुर्ची पुसून घेतली, तक्ते चाळले आणि मान डोलवली.

"चौदा महिने. एक रजा नाही, एक खाडा नाही. असा माणूस दुसऱ्या कुठल्या शेडवर दाखवा मला."

"साहेब, तो नाही. तुम्हीच फोनवर सांगितलं होतं, नाव टाका म्हणून."

"मी?" साहेबांनी हात वर केले. "मी कशाला असं सांगीन? हे बघा, जागा भरलेली आहे. भरलेल्या जागेवर आणखी माणूस मागायचा कसा? वरचे मला वेड्यात काढतील. आणि तो नाहीच म्हणत असाल, तर चौदा महिने सही कोण करतंय? अक्षर तुमचं निघालं तर नोकरी तर जाईलच, वर कोर्टकचेरी. लेकीच्या बाळंतपणात हे लचांड कशाला लावून घेता?"

ड्रायव्हरनं तक्ते गोळा केले. स्वतःच्याच हातानं त्यानं ती जागा रोज भरली होती.

निघताना साहेबांनी गाडीच्या मागच्या दारातून आत डोकावलं. "कुठे गेला तो? हाक मारा, भेटू तरी."

"नाही तो, साहेब."

"नाही कसा? खुर्ची खाली आहे, म्हणजे आत्ता इथेच बसला होता." आणि साहेब त्यांच्या गार गाडीत बसून गेले.

ड्रायव्हरनं सिस्टरला फोन केला. ती म्हणाली, "तारखेच्या आधी एक आठवडा मी रजा टाकून तुमच्याकडे येऊन राहते. पोरीला सांगा, घाबरू नको." सगळं ठरलं. तिची पिशवीसुद्धा भरून तयार होती.

कळा सोळा दिवस आधी सुरू झाल्या. मंगळवारी, दुपारी साडेबारा वाजता.

"बाबा, तुम्हीच या," लेक फोनवर म्हणाली. आवाज शांत होता. त्याला तोच जास्त लागला.

वस्तीत दुपारी माणूस नसतो, सगळे खाणीवर. शेजारच्या आजीबाईंनी लेकीला दारापर्यंत धरून आणलं. "मी आले असते रे, पण ही दोन नातवंडं कुणाच्या अंगावर टाकू?" धाकटं त्यांच्या कडेवर रडत होतं, दुसरं पायाला मिठी मारून. ड्रायव्हरनं लेकीला स्ट्रेचरवर घेतलं, पट्टे बांधले. लेकीच्या बोटात स्टीलची अंगठी होती.

"अंगठीनं वाजव. मला कळेल तू आहेस."

"तुम्ही पेशंटना सांगता तसं मला सांगताय."

"मग काय वेगळं सांगू?" त्यानं तिच्या कपाळावरचा घाम शर्टाच्या बाहीनं पुसला आणि दार लावलं.

दोन ठोके. टिक. अंगठी.

खाणीचा रस्ता, सगळा खड्ड्यांचा. दोन ठोके. टिक.

सोळाव्या किलोमीटरला रेल्वेचं फाटक. बंद.

तो उतरून केबिनकडे ओरडला, "भाऊ, खाली ये! माझी पोर बाळंत होतेय, दोन हात लाव!"

फाटकवाला खिडकीतून वाकला. पिकलेल्या मिशांचा माणूस. "कसा येऊ? आधी दोघं होतो इथे, आता मी एकटा. केबिन सोडली तर माणसं मरतील. ही मालगाडी गेली की उघडतो, पण लगेच समोरून दुसरी येतेय. तेवढ्यात काढा."

खोटं बोलत नव्हता. डोळे भरले होते त्याचे.

ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. लेक दातांवर दात दाबून होती. पट्टे भिजले होते.

"बाबा, जरा त्यांना सरकायला सांगा ना. पाय लांब करता येत नाहीत."

"कुणाला?"

तिनं मान उचलून पायांकडे बघितलं. मग त्याच्याकडे. पुन्हा कळ आली आणि तिनं डोळे मिटले.

खुर्ची खाली होती. रेक्झिनला मधोमध खळगा पडला होता.

त्यानं सिस्टरला फोन लावला. मालगाडीच्या खडखडाटात तिचे शब्द तुटत येत होते. "बाळ बाहेर आलं की तोंड पुसायचं, पाठ चोळत राहायचं, रडेपर्यंत. आणि पोरीला रक्त जायला लागलं तर बेंबीखाली पोट दाबून धरायचं. घट्ट. सोडायचं नाही. सोडलं तर दहा मिनिटांत रिकामी होईल, दादा. दोन्ही एकदम करावं लागतं. मागे कोण आहे तुमच्याबरोबर?"

त्यानं खुर्चीवरच्या खळग्याकडे बघितलं.

"दादा, मागे कोण आहे?"

"आहे," तो म्हणाला.

शेवटचा डबा गेला. फाटक वर उठलं. फाटकवाला हात हलवून ओरडत होता, काढा, काढा.

"जा बाबा," लेक म्हणाली. "थांबून काय होणार आहे?"

त्यानं गाडी काढली. आरशात फाटक पुन्हा खाली येताना दिसलं.

दोन ठोके. टिक.

दोन ठोके. टिक, उशिरा.

बत्तिसाव्या किलोमीटरला लेक किंचाळली. तसं त्यानं तिच्या आईलाही कधी किंचाळताना ऐकलं नव्हतं. मग एक बारीक आवाज. मांजराच्या पिल्लासारखा. एकदाच.

"बाबा! रक्त, बाबा—"

मग काही नाही.

दोन ठोके.

काही नाही.

पुन्हा दोन ठोके. मूठ सोलवटेपर्यंत.

ठोका आला. टिक नव्हे. जड, बोथट, बोटांच्या पेरांचा. एक.

हा ठोका त्याच्या ओळखीचा होता. या ठोक्याची किंमत मास्तरांनी मोजली होती.

सव्वीस किलोमीटर उरले होते. थांबून मागे गेला, तर पोट दाबणारा आहे, गाडी चालवणारा नाही. चालवत राहिला, तर चालवणारा आहे, दाबणारा नाही. रस्त्यावर माणूस नाही, झाड नाही, सावली नाही. फक्त ऊन.

चौदा महिने रोज ज्याची सही केली, त्याला त्यानं पहिल्यांदा नावानं हाक मारली. तक्त्यावरचं पूर्ण नाव. प्लायवूडला तोंड लावून ओरडला, "माझ्या मुलीला धर! तिचं पोट दाबून धर! काही झालं तरी तिला सोडू नको!"

मागे काहीतरी सरकलं. खुर्चीची स्प्रिंग खटकन वर मिटली.

ठोका आला. एक.

त्यानं गाडी पळवली.

लेक वाचली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर शाबासकी नव्हती, राग होता. "मागे कोण होतं तुमचं? पोट दाबून ठेवलं म्हणून आई पोचली, नाहीतर शक्यच नव्हतं. मानलं. पण बाळ? चांगलं वजनाचं, भरलेल्या दिवसांचं. मुलगी होती. नुसतं तोंड पुसून पाठ चोळायची होती हो! तिथेच बाजूला पडलेलं होतं, उघडं. माणसाला देवानं दोन हात दिलेत ना?"

ड्रायव्हर आत लेकीजवळ गेला.

लेकीच्या पोटावर बेंबीखाली निळसर वळ उठला होता. चार बोटं, एक अंगठा. त्यानं आपला डावा हात वळाच्या वर, न टेकवता, धरून बघितला. बोटं बोटांवर येत होती.

ती दुसऱ्या दिवशी बोलली. छताकडे बघत.

"त्यानं विचारलं मला, बाबा. म्हणाला, एकच हात आहे. कुणाला धरू?"

ड्रायव्हरनं तिच्या पांघरुणाची कड सरळ केली.

"मी सांगितलं, बाळाला धर. दोनदा सांगितलं. त्यानं धरलंही होतं तिला, ती रडली, ऐकलंत ना तुम्ही? मग तुम्ही पुढून ओरडलात."

खोलीत पंखा फिरत होता. शेजारच्या खोलीत कुणाचं तरी बाळ रडत होतं, आणि कुणीतरी त्याला उगी उगी करत होतं.

"तो तुमचंच ऐकतो," लेक म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

चौथ्या दिवशी तो कामावर आला. न येऊन काय करणार होता? तीन दिवस गाडी उभी होती आणि त्रेसष्ट वस्त्यांत तीन दिवस कुणी आजारी पडायचं थांबलं नव्हतं. टेबलावर मोठं पाकीट होतं, वरून आलेलं. आत जाड कागदावर, सोनेरी किनारीचं प्रशस्तिपत्र. प्रसंगावधान राखून मातेचे प्राण वाचवल्याबद्दल. नाव दुसऱ्याचं. सोबत साहेबांची चिठ्ठी: 'मिळाल्याची सही घेऊन परत पाठवणे.'

तो हसला. हसू आवरेना, तेव्हा त्यानं नळाखाली डोकं धरलं.

अकरा वाजता कंट्रोलच्या मुलीचा फोन आला. सर्वात लांबची वस्ती. बाई एकटी, दिवस भरलेले, पाणी गेलेलं.

"दादा, आहात ना दोघं? पाठवू?"

त्यानं तक्ता पुढे ओढला. वरच्या रकान्यात स्वतःची सही केली. मग सवयीनं पेन डाव्या हातात घेतलं आणि टोक कागदाला टेकवलं. थांबला.

बाहेर गाडी उन्हात उभी होती. मागचं दार बंद.

त्यानं पेन उजव्या हातात घेतलं. सावकाश, एकेक अक्षर करून, दुसऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच ती सही ओळीवर सरळ बसली.

बाई अंगणातच उकिडवी बसलेली होती. त्यानं तिला उचलून स्ट्रेचरवर घेतलं, पट्टे बांधले. दोन्ही हातांनी पोट धरून ती नुसती हूं हूं करत होती. ठोक्यांचं त्यानं तिला काही सांगितलं नाही.

वस्ती मागे पडली तसे त्यानं प्लायवूडवर दोन ठोके मारले.

उत्तर आलं. प्लायवूडच्या डाव्या कोपऱ्यातून एक, आणि त्याच क्षणी, उजव्या कोपऱ्यातून एक.

बाईला घेईपर्यंत गाडी उन्हात उभी राहिलेली, स्टिअरिंग पुन्हा रसरसलेलं, आणि घाईत तो फडकं गुंडाळायला विसरला होता. ठोके मारलेला डावा हात त्यानं परत स्टिअरिंगवर ठेवला, तळव्याला चटका बसला तसा झटकन उचलला.

उजवा स्टिअरिंगवरच होता. दिसत होता, चटका मात्र जाणवत नव्हता.